अनुभव धागा: घरासाठी परवडणारा वायफाय राउटर, खान्देशातल्या घरांचा हिशेब

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत फायबर आता गल्लीबोळात पोचलंय आणि विचारणा एकच असते: दोन-अडीच हजारांत कुठला राउटर घ्यावा? नुसतं मॉडेलचं नाव टाकून मोकळं होऊ नका. घर धाब्याचं, पत्र्याचं की स्लॅबचं, प्लॅन किती एमबीपीएसचा, काय बिघडतं आणि का, ते आपल्या गावाचं नाव वर टाकून लिहा.

जळगाव

खरेदीआधी एक तपासणी. फायबरवाला जो डबा भिंतीवर लावून देतो, तो ओएनयू बहुतेकदा वायफायसकटच असतो. दोन-तीन खोल्या आणि ४०-५० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर वेगळ्या राउटरची गरजच नसते. लॅपटॉप वायरने ओएनयूच्या लॅन पोर्टला जोडा आणि स्पीड बघा. वायरनेच कमी येत असेल तर दुखणं लाइनचं आहे, राउटर बदलून पैसे जातील.

लाइनचं दुखणं ओएनयूच्या सेटिंगमध्ये दिसतं. तिथे ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे आत पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर, लिहिलेला असतो. उणे २० ते उणे २४ डीबीएम म्हणजे निवांत. उणे २७ च्या आसपास गेला की नेट तुटक चालतं, आणि लाल एलओएस दिवा लागला तर प्रकाश पोचतच नाही. कारणं साधी असतात: खिळ्याभोवती काटकोनात वळवलेली फायबर, टोकावरची धूळ, नाहीतर हिरव्या टोकाची वायर निळ्या सॉकेटात घुसवलेली. ती बसते, पण हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं, म्हणून प्रकाश वाया जातो.

भुसावळ

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका भो. ‘एसी १२००’ म्हणजे राउटरच्या दोन बँडची, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ एमबीपीएस, यांची बेरीज, वर गोल केलेली. एका मोबाइलला ती बेरीज कधीच मिळत नाही. अँटेना चार दिसल्या म्हणून रेंज चौपट होत नाही.

खरी गोम मागच्या पोर्टात. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ दोन्ही एसी १२००, पण सी५० चे पोर्ट १०/१०० आणि सी६ चे गिगाबिट, म्हणजे १०/१००/१०००. १०/१०० पोर्टातून प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएसच्या वर काही निघत नाही. प्लॅन १०० च्या आत असेल तर स्वस्तातला चालेल. १५० किंवा २०० चा असेल तर तपशिलात ‘१०/१००/१०००’ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसत्या २.४ वाल्या ‘एन ३००’ राउटरचा मोह आता सोडावा. फरक पाच-सातशेचा पडतो आणि गजबजलेल्या कॉलनीत २.४ संध्याकाळी गुदमरतो.

गिगाबिट राउटर घेऊनही ९५ लाच अडकलात तर केबल बघा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, पण घाईत कनेक्टर क्रिम्प करणारे (दाबून बसवणारे) १, २, ३, ६ एवढ्याच बसवतात. चार तारांवर लिंक १०० चीच होते. पारदर्शक कनेक्टर उजेडात धरा. पिन आपल्याकडे, क्लिप मागे, डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा टोकापर्यंत पोचलेल्या दिसल्या पाहिजेत. केबल कॅट ५ई आणि निखळ तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते आणि वाकवली की आत तुटते.

अमळनेर

जुन्या धाब्याच्या घरात दीड-दोन फुटी मातीची भिंत असते. ५ गिगाहर्ट्झ अशा एका भिंतीतच दम सोडतो, २.४ कसाबसा पलीकडे जातो. तिथे चार हजारांचा राउटरही हरतो. त्यापेक्षा साधे दोन घ्या, मधे लॅन केबल टाका.

दुसऱ्या राउटरवर ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडा. नसेल तर त्याचा पत्ता बदला (पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (नेट आत येतं त्या पोर्टात) न लावता लॅन पोर्टात लावा. डीएचसीपी चालू राहिलं की अर्ध्या मोबाइलला नेट येतं, अर्ध्यांना नाही, आणि घरात भांडणं लागतात. नाव-पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा, २.४ चं चॅनल मात्र वेगळं: एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. बिनवायरचा एक्स्टेंडर शेवटचा उपाय, कारण तो एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, स्पीड निम्मा होतो.

शिरपूर

बरोबर शे भाऊ. आता विजेचं लिहितो.

इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की राउटर रीस्टार्ट होतो, ही नेहमीची तक्रार. इन्व्हर्टरच्या मागे मोडचं बटण असतं, ते ‘यूपीएस’वर करा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला वेळ लागतो, तेवढ्यात राउटर बंद पडतो आणि पुन्हा लॉगिन होईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात.

इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. आत बहुधा २००० एमएएचचे तीन सेल असतात: ३.७ गुणिले २ गुणिले ३, म्हणजे साधारण २२ वॅट-तास. ओएनयू आणि राउटर मिळून १२ वॅट धरा, रूपांतरात थोडं जातं, दीड तास मिळतो. खोक्यावरचे ‘चार तास’ एकट्या राउटरचे. घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टर उलटे करून वाचा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात. १२ व्होल्टच्या वायरीची पिन त्यांतही बसते आणि राउटर जळतो.

आणि केबलवाल्याला विचारून घ्या की खांबावर विजेवर चालणारा स्विच आहे की नुसता स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा). स्प्लिटरला वीज लागत नाही. स्विच असेल तर गल्लीची लाइट गेल्यावर तुमचा यूपीएस निरुपयोगी.

यावल

उन्हाळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही याचं नवल वाटलं. घरगुती राउटरच्या तपशिलात चालण्याचं तापमान बहुतेक ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. दुपारी नेट तुटतं, रात्री आपोआप सुधारतं, हे लक्षण गरमीचं. टीव्हीच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सवर किंवा छताला लागून राउटर ठेवू नका. गरम हवा वर साचते, म्हणून छातीएवढ्या उंचीवर, भिंतीपासून बोटभर सोडून, जाळीची बाजू मोकळी.

लोखंडी कूलरचंही तसंच. हिवाळ्यात बाहेरच्या खोलीत छान येणारं वायफाय एप्रिलमध्ये मंदावतं, कारण खिडकीत पत्र्याचा डबा आणि ओल्या ताट्या उभ्या राहिल्या. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषतं. राउटर आणि बसायची जागा यांच्या रेषेत कूलर येऊ देऊ नका, आणि दोन्ही एका बोर्डावर नकोत. मोटार सुरू होताना व्होल्टेज पडतं.

रावेर

केळीच्या मळ्यातल्या खोलीपर्यंत घरचा राउटर पोचवायचा नाद सोडा. पानं पाण्याने भरलेली असतात, तीस-चाळीस मीटर बागेतच सिग्नल संपतो. बाहेर लावायचे, एकाच दिशेला लहरी सोडणारे सीपीई (बिनवायर जोडणीचे डबे) जोडीने लागतात, पानांच्या वर, एकमेकांना सरळ दिसतील असे.

रोहिणीच्या वळवात विजा पडतात. केबलवाल्याने खांबावरून तांब्याची लॅन केबल दिली असेल तर ढग दिसताच वॅन पोर्टातून काढा. नुसता प्लग काढून भागत नाही, दणका केबलमधून येतो आणि तेवढाच पोर्ट जळतो. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण तिला आधाराची लोखंडी तार असेल तर ती घराबाहेरच कापलेली हवी.

पारोळा

वायफाय ६ चा ‘एएक्स १५००’ घ्यावा का? साडेतीन हजारांपर्यंत जातोय.

भुसावळ

मोबाइल वायफाय ६ चे असतील आणि घरात एकाच वेळी दहा-पंधरा उपकरणं चालत असतील तर घ्या. नाहीतर गिगाबिट पोर्टचा एसी १२०० पुरे, आणि उरलेल्या हजारात मिनी यूपीएस येतो. राउटर कुठलाही असो, पीपीपीओईचं (नेटला लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड केबलवाल्याकडून आधी लिहून घ्या. त्याने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (त्या डब्याचा ओळखक्रमांक) बांधून ठेवला असेल तर तो सोडवायला सांगा, नाहीतर नवीन राउटर सगळे दिवे हिरवे दाखवूनही नेट देणार नाही.