मदत हवी आहे: पुरानंतर उमाळ्याच्या तळ्यात बुडी मारायची आहे, पाणी कधी निवळेल?

बालाघाटकर
अर्जंट आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरापासून आमच्या तळ्याचं पाणी गढूळच आहे. उमाळ्याचं, म्हणजे जिवंत झऱ्याचं तळं, एरवी तळाचा खडक वरून दिसतो. आता हात बुडवला तर मनगटाच्या पुढं बोटं दिसत नाहीत. तीन आठवडे झाले. परवापर्यंत आत उतरायचंच आहे. लवकर निवळायला काय करू? पोहायला येतं, ते विचारू नका.

पाणबुड्या
भाऊ, खोली किती? तळं आहे की बारव? आणि आत उतरायचं कशासाठी?

रांजण
तुरटी टाका. आमच्याकडं रांजणात खडा चार वेळा फिरवला की सकाळी पाणी आरशासारखं. दोन पोती टाकून बघा.

केजची_लेक
दादा, उमाळ्याला जपा एवढंच सांगते. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या डोंगराखालचा झरा वाटीवाटीनं का होईना पण चालू होता. रात्री दोनला नंबर लागायचा. आख्खं गाव त्यावर जगलं.

रांजण
खरंय ताई. बीडची खजाना विहीर बघा, निजामशाहीतलं काम, जमिनीखालच्या नहरीतून शेताला पाणी. ती माणसं झऱ्याची किंमत ओळखून होती.

बालाघाटकर
अहो, माझं राहिलं की बाजूला! तळं चाळीस मीटर लांब, तीस रुंद. काठाला कमरेइतकं, मधे चार पुरुष पाणी.

जुना_ओव्हरसियर
सरासरी चार मीटर खोली धरू. 4,800 घनमीटर, म्हणजे 48 लाख लिटर. लिटरला 20 मिलिग्रॅम तुरटी म्हटली तरी 96 किलो होते, आणि इतक्या गढूळ पाण्याला तेवढ्यावर भागणार नाही. रांजणाचा हिशोब तळ्याला लावू नका. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक, शिवाय सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार. ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून खाली बसत नाहीत. आणि तुरटीनं निवळलं तरी सगळा गाळ तळाशीच बसणार. पाय लागला की पुन्हा तेच.

रांजण
साहेब, आम्ही उन्हाळ्यात हौद निवळवलाय तुरटीनं. कागदावरचं गणित वेगळं असतं.

जुना_ओव्हरसियर
हौद किती लिटरचा होता तेही लिहा.

सुरक्षित_शेतकरी
उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडा. विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही, आणि नाही विझला तरी विषारी वायू नाही असं धरू नका. आमच्या शेजारच्या गावात गाळ काढताना दोघं गेले, एकाला वाचवायला दुसरा उतरला. कळकळीनं सांगतोय.

बालाघाटकर
विहीर नाही, उघडं तळं आहे. पाणबुडी मोटर काढायची आहे, पाच एचपीची. टिपाडाच्या तराफ्याला टांगलेली होती, लोंढ्यात दोर तुटला. वस्तीवरच्या पाच घरांचं वापरायचं पाणी त्या मोटरीवर. आई 72 वर्षांची आहे, लांबच्या हापशावरून घागर आणते. मी घरी नसलो की कुणाला सांगत नाही, गुपचूप जाते. म्हणून घाई.

पाणबुड्या
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. मी तारकर्लीला स्कुबा शिकलोय, तरी या पाण्यात उतरणार नाही. पुरानं बाभळीच्या फांद्या, कुंपणाच्या तारा आणून टाकल्या असतील, वर तुमची केबल आणि पाइप आतच. दिसत नसताना पाय अडकला तर सोडवायला हातात मिनिटभर. आणि खाली जास्त वेळ राहायचं म्हणून दहा वेळा जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारायची नाही. त्यानं श्वास कोंडल्याची जाणीवच मरते आणि पट्टीचा पोहणारा पाण्यातच बेशुद्ध होतो.

केजची_लेक
मेलेली जनावरंही वाहून आलीत यंदा. अंगावर जखम असेल तर त्या पाण्यात पायसुद्धा घालू नका.

डीपी_वाला
एकच विचारतो. केबल अजून स्टार्टरला आहे का? स्टार्टरला ऑटो आहे का?

बालाघाटकर
हो, जोडलेलीच आहे. पण लाइटच नाही, पोल आडवे झालेत. ऑटो आहे, रात्रीच्या लाइटला कोण उठणार?

डीपी_वाला
दादा, सगळं सोडा आणि आधी शेतात जा. पोल उभे करायचं काम चालूच असणार. तुम्ही पाण्यात आणि तिकडं कुणी डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचं, हँडल वर केलं, की ऑटो आपणहून मोटर चालू करणार. पुरात केबलचा जॉइंट सोलला असेल तर सगळ्या पाण्यात करंट. ऑटो बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, केबल स्टार्टरमधून सोडवा. केल्यावर इथं लिहा.

पाणबुड्या
माझ्या हे डोक्यातच आलं नाही. आधी ते करा.

बालाघाटकर
जाऊन आलो. झाकणात गांधीलमाश्यांचं घर झालेलं, धूर करून उघडलं. ऑटोचं बटण चालूवरच होतं. बंद केलं, फ्यूज माझ्याकडं आहेत, केबल सोडवून टेपनं गुंडाळली. काल मी धाकट्याला कमरेला दोर बांधून उतरवणार होतो. अजून हात कापतोय.

डीपी_वाला
बरं केलंत. आता कुणीच उतरू नका. भोई मंडळींना बोलवा, ते चप्पूवरून गळ टाकतात. सोडवलेली केबल हलकेच ताणून दिशा बघा, पण केबलनं मोटर ओढू नका. पाइपाला गळ अडकवून त्यावर जाड दोर घ्या.

बालाघाटकर
दोघं आले होते. चौथ्या फेकीला पाइप लागला. मोटर गाळात रुतलेली, सहा जणांनी काठावरून ओढली. बाभळीची फांदी आणि कुणाच्या तरी गोठ्याचं दावं तिला गुंडाळून आलं. कुणी पाण्यात उतरलं नाही. सुरू करून बघू का?

डीपी_वाला
अजिबात नाही. आधी वाइंडिंगवाल्याकडं नेऊन मेगर, म्हणजे करंट गळतो का ते बघायचं मीटर, लावून बघायला सांगा, केबलचा जॉइंट नवा करा. तोवर एक टँकर सांगा, आईंना हापशावर जाऊ देऊ नका.