रोड बाईकला दोन हजारांच्या आतलाच टायर घाला: साताऱ्याच्या रस्त्यांना महागडा चिलखती टायर लागत नाही

घाटचढा

मी शाहूपुरीत राहतो. सहा वर्षं रोड बाईक चालवतोय, म्हणजे बारीक टायरची, डांबरी रस्त्यावर वेगानं पळणारी सायकल. आठवड्याला साधारण दीडशे किलोमीटर होतात, रविवारी यवतेश्वर चढून कास, नाहीतर मेढ्याकडं. गेल्या महिन्यात तिघांनी मला विचारलं, टायर कुठला घेऊ? तिघांनाही दुकानात साडेतीन हजारांच्या आसपासचा, "पंक्चर होतच नाही" म्हणून सांगितलेला टायर दाखवला होता. एकानं तर दोन्ही चाकांचे घेतले, म्हणजे सात हजार गेले. त्याची सायकलच चोवीस हजारांची. मला हे बरोबर वाटत नाही.

माझा हिशोब वहीत लिहिलेला आहे. 1,350 रुपयांचा साधा टायर मागच्या चाकावर 3,600 किलोमीटर गेला, म्हणजे किलोमीटरला साडेसदतीस पैसे. त्याआधी 3,400 रुपयांचा पट्टेवाला टायर 6,800 किलोमीटर गेला, म्हणजे पन्नास पैसे. त्याच्याच जोडीचा पुढचा टायर तर दुसऱ्याच महिन्यात बाद झाला. ठोसेघरच्या वाटेवर खडी उघडी पडली होती, एका धारदार दगडानं टायरची कड चिरली. पंक्चर अडवणारा पट्टा असतो रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली. कडेला बहुतेक टायरना नुसतं कापड आणि त्यावर रबराचा पातळ थर. साधा टायर असता तर तोही चिरला असता, पण जीव एवढा जळला नसता.

माझं म्हणणं असं. व्हिटोरियाचा झाफिरो, कॉन्टिनेंटलचा अल्ट्रा स्पोर्ट, श्वाल्बेचा लुगानो, या पायरीवरचा कुठलाही घ्या. कडेला तार असलेला घ्या, घडीचा नको. घडीच्या टायरमध्ये तारेऐवजी अरामिड या चिवट कृत्रिम धाग्याचा दोर असतो, वजन पन्नास-साठ ग्रॅम वाचतं आणि किंमत चारपाचशेनं वाढते. रोजच्या माणसाला त्याचा काय उपयोग? आणि सायकलमध्ये बसत असेल तर 25 मिलिमीटर रुंदीऐवजी 28 चा घ्या. मी 68 किलोचा आहे. 25 च्या टायरला 110 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पर्यंत हवा मारायचो तेव्हा बामणोलीहून परत येईपर्यंत हाताची बोटं बधिर व्हायची. आता 28 ला पुढं 65, मागं 75 पीएसआय. पंक्चरही कमी झाले, कारण खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडायची ती थांबली.

टायर महाग घेण्यापेक्षा हवा दर आठवड्याला बघा, आणि घरी आल्यावर टायरवरून एकदा नजर फिरवा.

पहाटेची सायकल

दादा, तुमच्या वहीत वेळेचा रकाना नाही.

मी कोरेगावहून साताऱ्याला शाळेत येते. वीस किलोमीटर, पावणेसहाला घरातून निघते. नोव्हेंबरात तेव्हा अंधार असतो. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. पाचटाखाली काय पडलंय ते दिव्यात दिसत नाही. खिळे, ट्रॉलीचे तुटलेले तुकडे, बाभळीची फांदी. दोन वर्षांपूर्वी संगम माहुलीच्या पुलाअलीकडं एकाच आठवड्यात तीनदा पंक्चर झालं. तिसऱ्या वेळी माझ्याकडची दुसरी ट्यूबही संपली होती. अंधारात रस्त्याकडेला सायकल धरून एकटी बाई पाऊण तास उभी राहते तेव्हा तिला साडेसदतीस पैसे आणि पन्नास पैसे यांतला फरक आठवत नाही.

त्यानंतर मी दोन्ही चाकांना श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस घातला, 28 चाच. आत पाच मिलिमीटर जाडीचा रबरी थर आहे. जड आहे, एक टायर सातशे ग्रॅमच्या आसपास, साध्याच्या जवळजवळ दुप्पट. चढवताना अंगठे सोलून निघाले. सायकल सुस्त झाली हेही खरं. पण दोन हंगामांत एकच पंक्चर. तुम्ही कासला हौसेनं जाता, पंक्चर झालं तर दगडावर बसून काढता. मला पहिल्या तासाला वर्गावर उभं राहायचं असतं.

"नजर फिरवा" म्हणणं सोपं आहे. काटा घुसतो रस्त्यात, नजर फिरते घरी.

जुना पान्हा

दोघांचंबी वाचलं. मी पस्तीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय, त्यातली शेवटची आठ-दहा या बारक्या टायरच्या. टायर कुठला ते मागनं, आधी मापाचं बोलतो, कारण त्यात लोकांचं पैसं जास्ती वाया जात्यात.

रोड बाईकचं चाक 700 सी. टायरच्या कडेला बारीक अक्षरात 28-622 आसं काहीतरी असतंय. 28 ही रुंदी आन् 622 मिलिमीटर म्हणजे टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास. गावच्या दुकानात जाऊन नुसतं "अठ्ठावीसचा टायर द्या" म्हणालात तर तुम्हाला दुधवाल्याच्या सायकलीचा 28 दीड देत्यात. त्यो 635 चा. 13 मिलिमीटरनं मोठा, तुमच्या रिमवर ढिला पडणार. जुन्या रेसर सायकलींचा 27 इंची टायर 630 चा, त्योबी बसत न्हाई. म्हणून 622 वाचल्याशिवाय पैसं देऊ नका.

आता पंक्चरचं. हायवेच्या सर्व्हिस रोडला जे पंक्चर हुत्यात त्यातलं निम्मं काट्यानं न्हाईत, तारंनं हुत्यात. ट्रकचा टायर फुटला की त्याच्यातल्या पोलादी तारा रस्त्यावर इस्कटत्यात, केसापरास जराशा जाड. टायरात घुसली की भाईरनं दिसत न्हाई, हाताला लागत न्हाई. पोरं ट्यूब बदलत्यात आन् दोन किलोमीटरवर पुन्हा बसत्यात. आतनं कापसाचा बोळा फिरवायचा. तार आसली तिथं कापूस आडकतो. मग बारक्या चिमट्यानं वढून काढायची.

अजून एक. टायर चढवताना त्याचं नाव छापलेलं आसतं ती जागा व्हॉल्वच्या समोर धरायची. मग ट्यूबला भोक कुठं हाय त्यावरनं टायरात काय रुतलंय त्ये लगेच सापडतं.

आन् घाटचढा दादा, कड चिरली म्हणून टायर टाकून दिलात का? जुन्या टायरचा पातळ तुकडा कापून आतनं गेटर टाकला आसता तर मागच्या चाकाला हजार किलोमीटर आजून काढलं आसतं. पुढच्याला मात्र गेटर नको.

वेगवेडा

कराडहून लिहितोय. टिकाऊपणावर एवढी चर्चा, पण टायर चालवायला कसा लागतो हे कुणीच बोलत नाही. जाड टायरात कापडाचा विणकाम-दाटपणा कमी असतो, रबर जास्त. मी 120 टीपीआयचा टायर वापरतो, म्हणजे इंचाला 120 धागे. हातात घेतला तर रुमालासारखा वाकतो. खडबडीत डांबरावर तो खड्यांवरून वाकत जातो, जाड टायर प्रत्येक खड्यावर उडतो. घाटचढा सर, तुमची बोटं बधिर व्हायची त्यात टायरच्या कापडाचाही हात असणार.

आणि नक्षी बघून टायर घेऊ नका. पावसात पाणी कापायला नक्षी लागते हा मोटारीचा नियम. सायकलचा टायर इतका अरुंद आणि वेग इतका कमी की तो पाण्यावर तरंगतच नाही. डांबराला धरतो तो रबराचा मऊपणा.

पहाटेची सायकल

वेगवेडा, तुमच्या त्या रुमालाचे किती पैसे पडले आणि किती किलोमीटर गेला तेही सांगा.

वेगवेडा

4,200. मागचा 2,500 किलोमीटरला गुळगुळीत झाला. ताई, स्वस्त आहे असं मी म्हणालो नव्हतो.

माणदेशी

ही सगळी चर्चा पश्चिमेकडच्या साताऱ्याची चाललीय. दहिवडीकडं या. इथं सराटे आहेत. जमिनीसरशी पसरलेलं झाड, त्याचं फळ वाळलं की कसंही पडलं तरी एक काटा वर. पायवाटेनं पाच मिनिटं सायकल नेली तर दोन्ही टायरात पंधरा-वीस मोजून काढलेत मी. अल्ट्रा स्पोर्ट काय आणि झाफिरो काय, सराट्याला सगळे सारखेच.

माझा उपाय बिनखर्चाच्या जवळचा आहे. साधा टायर, आत प्लास्टिकची पट्टी, आणि ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा चिकट द्रव. त्यासाठी व्हॉल्वचा गाभा फिरवून निघणारी ट्यूब मागून घ्यावी लागते. पट्टीची टोकं मात्र घासून गोल करा. नाहीतर तीच टोकं ट्यूबला घासून भोक पाडतात, मला तसं दोनदा झालं. आमच्या उन्हात सीलंट लवकर वाळतं, म्हणून उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी मी ते बघतो. मॅरेथॉन प्लसचा खर्च मला झेपत नाही, पण ताईंचं म्हणणं मला घाटचढांपेक्षा जास्त पटतं. ज्याला वेळेवर पोचायचंय त्याला हौशी माणसाचा हिशोब लागू होत नाही.

घाटचढा

ताई, वेळेचं तुमचं म्हणणं मान्य. मी अंधारात, एकट्यानं, ऊसाच्या हंगामात रोज जात नाही, आणि बाई म्हणून तर मला ते कधी सोसावं लागणारच नाही. मागच्या चाकापुरतं मी माझं मत मागं घेतो. वजनाचा मोठा वाटा मागं पडतो, झीज तिथंच जास्त, पंक्चरही बहुतेक तिथंच.

पण पुढच्या चाकाबद्दल मी हटणार नाही, आणि याचं कारण पैसा नाही. जास्त किलोमीटर जावा म्हणून बनवलेल्या बऱ्याच टायरचं रबर कडक असतं. माझा तो महागडा टायर पुढं होता तेव्हाची गोष्ट. जूनचा पहिला पाऊस, यवतेश्वरचा उतार, रस्त्यावर वर्षभराचं तेल आणि धूळ भिजून निसरडं झालेलं. वळणावर पांढऱ्या पट्ट्यावरून चाक गेलं आणि काही कळायच्या आत मी डाव्या कोपरावर होतो. वेग पंचवीसच्या आत होता. मागून जीप येत होती, ती थांबली म्हणून आज लिहितोय. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही.

तेव्हापासून पुढं मऊ रबराचा, मध्यम किमतीचा टायर. पुढचा झिजतही हळू, म्हणून मऊ असला तरी परवडतो. वेगवेडाचं रबराबद्दलचं बोलणं इथं मला पटतं, 4,200 मात्र पटत नाहीत.

जुना पान्हा

ह्ये आता बरोबर बोललात. नवा टायर कायम पुढं घालायचा. मागचा झिजला की पुढचा काढून मागं टाकायचा आन् नवा पुढं. लोक उलटं करत्यात. मागचा गुळगुळीत झाला की त्योच पुढं सरकवत्यात, म्हणजे सगळ्यात कच्चा टायर नेमका उतारावर पुढं.

झिजलेला कसा वळखायचा? मधोमध सपाट पट्टा पडतो, टायर गोल राहत न्हाई. कॉन्टिनेंटलच्या बऱ्याच रोड टायरांवर दोन बारीक खड्डं आसत्यात, त्ये दिसंनासं झालं की संपला. आतलं कापड दिसाय लागलं तर त्याच दिवशी काढा.

माणदेशी

पान्हा काका, ताईंच्या बाबतीत ही अदलाबदल कशी जमणार? त्यांनी पुढं मऊ टायर घातला तरी मागचा वेगळ्या जातीचाच राहणार. पुढचा मऊ टायर मागं टाकला तर पुन्हा तेच पंक्चर.

जुना पान्हा

त्यांनी करूच नये. त्यांचा मागचा झिजायला लय वेळ लागंल. पुढचा सोताच्या गतीनं झिजू द्या, त्योबी पाच-सहा हजार किलोमीटर सहज जाईल. दोन्ही येगळं ठेवायचं.

पहाटेची सायकल

काल रात्री पुढचं चाक काढून बघितलं. ब्रेकच्या कमानीखाली 28 चा टायर बसूनही चार मिलिमीटर जागा उरते, म्हणजे पुढं कुठलाही 28 बसेल. दादा, यवतेश्वरची गोष्ट वाचून मी थोडी घाबरले. माझ्या रस्त्यावर तसा उतार नाही, पण माहुलीच्या पुलावर पावसात मीही एकदा हलले होते. तेव्हा दोष ब्रेकला दिला होता.

पुढं 1,500 पर्यंतचा तारेचा, मऊ रबराचा टायर घालते आहे. सातशे ग्रॅमचा जुना पुढचा टायर घरात टांगून ठेवीन, मागचा संपला की तो मागं जाईल. मागच्या चाकाला मात्र मी हात लावणार नाही. कारखान्यांचं गाळप संपेपर्यंत तरी नाही.

काका, तो कापसाचा बोळा कोरडाच फिरवायचा ना?

जुना पान्हा

कोरडाच. वल्ला कापूस तारंवरनं घसरतो.