तुम्ही कुणाला काय सुचवलंत आणि ते टिकलं? (अ‍ॅप्स, उपकरणं, व्हीआर खेळ)

गच्चीवरून (धागाकर्ती)
टॉप टेनच्या याद्या सगळीकडे मिळतात. इथे तेवढंच लिहूया जे आपण ओळखीच्या माणसाला सुचवलं आणि तो माणूस आजही वापरतोय. कुणासाठी सुचवलं ते जरूर लिहा.

माझ्या सासऱ्यांना कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण चार जण एकदम बोलायला लागले की त्यांना काही कळत नाही. त्यांच्या अँड्रॉइड फोनवर गूगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' घालून दिलं. फुकट आहे. समोरचा बोलतो ते पडद्यावर लिहून येतं, मराठीतसुद्धा. अक्षरं मोठी केली, भाषा मराठी लावली, आयकॉन पहिल्याच पानावर ठेवला. आता बँकेत ते फोन काउंटरवर ठेवतात आणि एकटे व्यवहार करून येतात.

घाटमाथा
वडिलांसाठी 'व्हेअर इज माय ट्रेन'. गाडीत बसल्यावर नेट नसलं तरी मोबाइल टॉवरवरून गाडी कुठे आहे ते सांगतं. रात्रीच्या प्रवासात स्टेशन चुकेल ही त्यांची धास्ती गेली.

न्यूजर्सीकर
व्हीआरबद्दल (डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायचे खेळ) जरा सविस्तर लिहितो, कारण हेडसेट घेऊन कपाटात ठेवलेले बरेच जण पाहिलेत. बहुतेक वेळा नवख्याला पहिलाच खेळ रोलरकोस्टरचा दाखवलेला असतो. डोळे म्हणतात आपण धावतोय, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं जागेवरच आहोत. त्या भांडणातून मळमळ होते आणि माणूस पुन्हा हात लावत नाही.

म्हणून सुरुवात 'बीट सेबर'ने करा. तुम्ही जागेवर उभे, ठोकळे तुमच्याकडे येतात. आईला मी 'वॉकअबाउट मिनी गोल्फ' दिला. चेंडूपाशी थेट उडी मारून पोचता येतं, चालत जावं लागत नाही. भाऊ सिअ‍ॅटलला असतो, दोघं त्यात भेटतात. खेळ कमी, गप्पा जास्त!

आणखी एक, हे कुणी सांगत नाही: हेडसेटच्या भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे जुळवा. मेटाच्या क्वेस्ट २ या हेडसेटवर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत. आईला धूसर दिसत होतं, ५८ वर आणल्यावर स्वच्छ दिसायला लागलं.

गच्चीवरून
चष्मा असेल तर?

न्यूजर्सीकर
क्वेस्ट २ च्या खोक्यात चष्म्यासाठी वेगळी चौकट येते. ती बसवाच, नाहीतर भिंगांवर चरे पडतात.

पाणवठा
निवृत्त शिक्षिका असलेल्या मावशीला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं 'मर्लिन' सुचवलं. पक्ष्याच्या आवाजावरून नाव सुचवतं, भारताचा पॅक उतरवून घेतला की नेटशिवाय. अंगणातली टुक्-टुक् तांबटाची, हे तिला त्यातून कळलं. नाव आलं तरी पक्षी दिसेपर्यंत ती वहीत नोंद करत नाही. मला ही शिस्त फार आवडते.

स्पर्श
मी दृष्टिहीन आहे. मला अ‍ॅप सुचवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: आधी टॉकबॅक (अँड्रॉइडमधली, पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) सुरू करून ते स्वतः वापरून बघा. बटणांना नावं दिलेली नसतील तर मला नुसतं 'बटण, बटण' ऐकू येतं. पैसे भरायचं बटण कुठलं आणि रद्द करायचं कुठलं, ते कसं ओळखू? दिसायला सुंदर अशी कितीतरी अ‍ॅप्स मी याच कारणाने काढून टाकली.

टिकलेलं एक सांगते: 'बी माय आइज'. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं. मी कॅमेरा धरते, कुणीतरी डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर औषधाची तारीख वाचून दाखवतो. तुम्हीही स्वयंसेवक होऊ शकता. नोंदणी करताना भाषांमध्ये मराठी निवडा.