डिसेंबरात वासोटा, बाबा आणि मुलासोबत?

पुणेरी_पाऊलवाट: नमस्कार मंडळी, डिसेंबरात वासोटा किल्ला करायचा म्हणतोय, सोबत साठी ओलांडलेले बाबा आणि सहावीतला मुलगा. बाबा रोज चालतात पण डोंगर बरीच वर्षं चढलेले नाहीत. वर तंबू टाकून राहता येतं का? आणि पोराला वाघ बघायचाय, चान्स आहे का काही?

सातारकर_७: मुक्काम गडावर अजिबात नाही. गड १९८५ च्या कोयना अभयारण्यात येतो, २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासकट त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, नियम कडक आहेत आणि ते तसेच राहावेत. आदल्या रात्री बामणोलीत राहा, साताऱ्याहून कासवरून साधारण ३५ किमी. सकाळी वनखात्याची परवानगी काढायची, ओळखपत्र न्या, मग लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून तास-दीड तासात पायथ्याचं मेट इंदवली. तिथे सॅक उघडून प्लास्टिकच्या बाटल्या, पिशव्या मोजतात आणि उतरल्यावर परत मोजतात, लोक वैतागतात पण त्यामुळेच ती वाट इतकी स्वच्छ आहे हो! पहिलीच लाँच धरा, बाबांना घाई होणार नाही. चढ पाचेकशे मीटरचा, बराचसा सावलीतून, शेवटी मात्र झाडी संपते आणि ऊन लागतं.

रानभूल: वाघाचं मुलाला आत्ताच नीट सांगून ठेवा दादा, ताडोबासारखी जिप्सी नाही इथे, दाट रान आहे आणि आपण पायी. पण त्याला शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, दाखवा, मान वर करून उंच फांद्यांत पानाकाड्यांचं गोल घरटं शोधायचं आणि खाली कुरतडलेली फळं पडलीत का बघायचं. भेकर (छोटं हरीण) ओरडलं तर कुत्रं भुंकल्यासारखं वाटतं. अस्वलाची विष्ठा, गव्याचे खूर वाटेवरच दिसतात, पोरं यात जाम रमतात. गवा समोर आला तर जागच्या जागी थांबा, शिट्ट्या, आरडाओरडा नको, त्याला जाऊ द्या. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गोचिडी असतात.

पुणेरी_पाऊलवाट: वा, खूप आभार! बाबा दमले तर अर्ध्यातून फिरता येईल ना?

सातारकर_७: येईल की, पायथ्याशी ओढ्याकाठी मारुतीचं देऊळ आहे तिथे एकजण त्यांच्यासोबत थांबा. पण वर पोचलात तर बाबूकडा चुकवू नका, समोर जुना वासोटा हा दुसरा डोंगर आणि मधे सरळ तुटलेली दरी, मुलाचा हात धरून ठेवा. लाँचवाला परतीची वेळ सांगेल ती पाळाच.