मदत हवी आहे: कुत्र्याच्या आकडीसाठी क्लिनिकल ट्रायलमध्ये नाव द्यावं का? प्लासिबोची भीती वाटतेय

अवनी_के

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचा डॅनी, लॅब्रॅडॉर, साडेचार वर्षांचा. तीन वर्षांचा असताना पहिली आकडी आली. थोड्या दिवसांनी परत आली तेव्हा फेनोबार्बिटोन सुरू केलं, काही महिने बरे गेले, मग परत ये रे माझ्या मागल्या, म्हणून पोटॅशियम ब्रोमाइड जोडलं, तरी महिना-दीड महिन्यातून एकदा येतेच. आणि आली की एकटी येत नाही, एका रात्रीत दोन-तीन. मधल्या काळात इतका ठणठणीत असतो की बाहेरच्या कुणाला सांगून पटत नाही.

आकडी यायच्या आधी तो कोपऱ्यात जाऊन नुसता हवेत बघत बसतो, ओठ चाटत राहतो, मग एकदम आडवा पडतो, अंग ताठ, चारही पाय हवेत मारत राहतो, लाळ गळते, लघवी होते. ते दीड-दोन मिनिटांत थांबतं पण नंतरचा अर्धा तास जास्त वाईट, घरभर गोल गोल फिरतो, भिंतीला धडकतो, आम्हाला ओळखतसुद्धा नाही.

आता मुद्दा. आमच्या व्हेटनी न्यूरोवाल्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी सांगितलं की एक ट्रायल चालू आहे. चालू असलेली दोन्ही औषधं तशीच ठेवायची, वर एक नवीन गोळी नाहीतर प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच खोटी गोळी), कोणती ते आम्हाला कळणार नाही आणि त्यांनाही नाही. काही महिन्यांनी मध्ये गॅप घेऊन अदलाबदल. त्याआधी एमआरआय आणि पाठीतलं पाणी काढून तपासणी, म्हणजे भूल आलीच. शिवाय रोज डायरी लिहायची.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. आई म्हणते मुक्या जिवावर प्रयोग नकोत, नवरा म्हणतो फुकटात एवढ्या तपासण्या होतायत तर करून घेऊ. मला नेमकं हे कळत नाहीये की आजारी कुत्र्याला खोटी गोळी देणं हे कसं काय चालतं, आणि कुत्र्याला थोडंच माहितीये की आपण गोळी घेतोय, मग प्लासिबो कशाला? एमआरआय खरंच डॅनीसाठी लागणारे की त्यांच्या कागदासाठी? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा. संमतीपत्र घरी दिलंय वाचायला, सही अजून केलेली नाही.

खवचट_काका

सरळ नाही म्हणा. कंपनीला गिनीपिग हवे असतात, बाकी काही नाही. खोटी गोळी देऊन झटके मोजत बसायचे हा कुठला उपचार?

चिकूचा_बाबा

काका, थोडं थांबा की. आमचा चिकू (बीगल) अशाच एका ट्रायलमध्ये होता, औषध वेगळं होतं. गिनीपिग वगैरे काही वाटलं नाही, उलट एरवी जेवढं लक्ष मिळत नाही तेवढं मिळालं, फोन केला की उचलला जायचा. त्रास होता तो वेळेचा, ठरलेल्या तारखेला रक्त द्यायला जायचं म्हणजे जायचंच, कामाचा वार असो नाहीतर घरात लग्न असो. ताई, एक नक्की बघा, कधीही कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्यामुळे पुढच्या उपचारांवर परिणाम होणार नाही असं संमतीपत्रात स्पष्ट लिहिलंय का. आमच्यात होतं.

डॉ_पंजा

मी व्हेट आहे, या ट्रायलशी माझा संबंध नाही. डॅनीला न बघता लिहितोय, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी प्लासिबोचं बघू कारण खरी अडचण तिथे आहे. कुत्र्याला कळत नाही हे बरोबर, पण किती फिट आल्या हे लिहितं कोण? तुम्ही. आणि गोळी चालू आहे हे तुम्हाला माहिती असतं. २०१० साली कुत्र्यांच्या अपस्मारावरच्या जुन्या ट्रायल्समधल्या फक्त प्लासिबोवाल्या कुत्र्यांचा हिशोब मांडला गेला. २८ पैकी २२ कुत्र्यांच्या फिट आधीपेक्षा कमी झाल्या होत्या आणि ८ कुत्र्यांच्या तर निम्म्यावर किंवा त्याहून खाली आल्या होत्या. खऱ्या औषधाचा एक कणही न घेता!

याचं एक कारण म्हणजे हा आजार मुळातच वर-खाली होणारा आहे. माणूस ट्रायलमध्ये कधी येतो, तर सगळ्यात वाईट महिना गेल्यावर. त्यानंतरचा महिना काही न करताही बहुतेक वेळा थोडा बरा जातो. दुसरं, ट्रायल सुरू झाली की आधीची औषधं घड्याळ लावून दिली जातात. आणि तिसरं, मनातली आशा, रात्री काहीतरी खुडबुड ऐकू आली तर ती फिट होती की स्वप्नात पाय हलवत होता, हे ठरवताना ती मध्ये येतेच. म्हणून तुलनेला प्लासिबोचा गट नसेल तर कुठलंही औषध लागू पडल्यासारखं दिसतं, आणि मग ते पुढची वीस वर्षं सगळ्यांच्या कुत्र्यांना दिलं जातं.

आता "खोटी गोळी देऊन झटके मोजायचे" याबद्दल. तुमच्या वर्णनावरून ही वरून जोडायच्या औषधाची ट्रायल आहे. फेनोबार्ब आणि ब्रोमाइड चालूच राहणार, म्हणजे प्लासिबोच्या काळात डॅनीला आज जे मिळतंय तेवढं तरी मिळणारच. फेनोबार्ब बंद करा असं कुणी सांगत असेल तर मात्र उठून घरी या, ते एकदम तोडलं तर त्यानेच जोरात फिट येतात. शिवाय अदलाबदलीची पद्धत आहे, त्यामुळे कधी ना कधी खरं औषध त्याच्या वाट्याला येणार. मधला गॅप आधीच्या गोळीचा असर उतरावा म्हणून असतो.

एमआरआय दोघांसाठी आहे. २०१५ मध्ये अपस्मारावर काम करणाऱ्या व्हेट लोकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने निदानाच्या पायऱ्या ठरवून दिल्या. पहिली फिट ६ महिने ते ६ वर्षं या वयात, कमीत कमी २४ तासांच्या अंतराने दोन फिट, मधल्या काळात न्यूरो तपासणी नॉर्मल, रक्त-लघवी नॉर्मल, ही पहिली पायरी. डॅनी ऐकायला तरी तिच्यात बसतोय. दुसऱ्या पायरीत लिव्हरसाठी बाइल अ‍ॅसिडची तपासणी, एमआरआय आणि मेंदू-मणक्यातलं पाणी येतं. मेंदूत गाठ किंवा सूज असलेला कुत्रा चुकून ट्रायलमध्ये शिरला तर सगळंच बिघडतं म्हणून ट्रायलवाले दुसऱ्या पायरीचा आग्रह धरतात. पण दोन औषधांवरही फिट आटोक्यात नाहीत अशा कुत्र्याचा एमआरआय ट्रायल नसती तरी मी सुचवलाच असता. फक्त फिट येऊन गेल्यावर लगेच काढू नका, फिटमुळेच झालेले तात्पुरते बदल त्यात दिसू शकतात आणि मग नसती धावपळ होते.

आणि माझा उलटा प्रश्न. रक्तातली औषधांची पातळी शेवटची कधी तपासली?

लॅबची_मावशी

ट्रायलबियल सोडा, सीबीडी तेल (गांजाच्या झाडातलं, नशा न आणणारं) द्या, आमच्या ग्रुपमधल्या दोघींच्या कुत्र्यांना जादूसारखा फरक पडलाय. नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही.

डॉ_पंजा

मावशी, त्याची पण ट्रायल झालीये. २०१९ ची. १६ कुत्रे शेवटपर्यंत टिकले, ९ सीबीडीवर आणि ७ प्लासिबोवर, १२ आठवडे. सीबीडीच्या गटात फिट सरासरीने एक तृतीयांश कमी झाल्या, हे चांगलंच आहे. पण फिट निम्म्याने तरी कमी झाल्या असे कुत्रे दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. आणि लिव्हरचं एक एन्झाइम, अल्कलाइन फॉस्फेटेज, ते सीबीडीवाल्यांत वाढलं. डॅनी फेनोबार्बवर आहे, त्याने हेच एन्झाइम आधीच वाढलेलं असतं. दार बंद नाही, मोठ्या ट्रायल्स हव्यात एवढंच. पण परस्पर देऊ नका, आणि ट्रायलमध्ये असताना तर अजिबात नको.

मनीमाऊ

थोडं अवांतर. आमच्या मांजरीला एफआयपी (कोरोना विषाणूमुळे मांजरींना होणारा जीवघेणा आजार) झाला होता तेव्हा मी या विषयावर भरपूर वाचलंय. कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या नील्स पेडरसन यांनी २०१९ मध्ये त्यावरच्या जीएस-४४१५२४ या विषाणूविरोधी औषधाची ट्रायल छापली त्यात प्लासिबो गटच नव्हता! ३१ मांजरी, सगळ्यांना खरं औषध. ४ सुरुवातीच्या काही दिवसांतच गेल्या आणि पाचवी महिन्याच्या आत, पण २६ जणींनी किमान १२ आठवडे पूर्ण केले आणि बहुतेक जगल्या. तिथे प्लासिबोशिवाय चाललं, मग कुत्र्यांनाच का?

डॉ_पंजा

भारी प्रश्न. एफआयपीमध्ये औषध नसेल तर काय होतं हे आधीच माहिती होतं, जवळजवळ सगळ्या मांजरी दगावायच्या, त्यातही पोटात पाणी झालेल्या तर काही दिवसांत नाहीतर आठवड्यांत. अशा आजारात तीनचतुर्थांशाहून जास्त जगल्या तर तुलनेला दुसरा गट लागतच नाही आणि तिथे प्लासिबो देणं अमानुष ठरलं असतं. नंतरचे प्रश्न बारीक होते, तिथे मात्र दोन गट आले. उदाहरणार्थ ८४ दिवसांऐवजी ४२ दिवस औषध पुरेल का? २०२४ मध्ये पाणी झालेल्या ४० मांजरींवर हे तपासलं, २०-२० चे गट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटलेले, आणि ३८ बऱ्या झाल्या, दोन्ही गटांत फरक निघाला नाही. अपस्मार यातल्या कशातच बसत नाही, तो स्वतःच कमी-जास्त होतो.

आणि कुणी मांजरवाले वाचत असतील तर, ब्रोमाइड मांजरींना देत नाहीत, फुफ्फुसाला त्रास होतो. कुत्र्याची उरलेली बाटली मांजराला नको.

खवचट_काका

ठीक आहे, वाचलं. पण ट्रायल चालू असताना एका रात्रीत पाच-सहा झटके आले तर काय, हात बांधून बसायचं का? हे कुणी सांगत नाही.

डॉ_पंजा

काकांनी कामाचं विचारलं. सही करायच्या आधी हे विचाराच अवनीताई. रात्री-बेरात्री फोन कुणाला करायचा, किती फिट आल्या की डॅनीला ट्रायलमधून काढून उघड उपचार सुरू करणार, आणि गरज पडली तर तो कुठल्या गोळीवर होता हे लगेच कळायची सोय आहे का. नवीन औषधाने काही अपाय झाला तर त्याचा खर्च कोण करणार हेही लेखी घ्या. नैतिकता समितीची मंजुरी असतेच, तिचा कागद मागायला लाजू नका.

घरात ठेवायचं इमर्जन्सीचं औषध तर ट्रायल असो-नसो हवंच. पाच मिनिटांच्या वर चालणारी फिट थांबवायला नाकातला मिडाझोलम स्प्रे आणि गुदद्वारातून डायझेपाम यांची २०१७ मध्ये तुलना झाली. मिडाझोलमने २० पैकी १४ कुत्र्यांची फिट थांबली, डायझेपामने १५ पैकी ३. डोस मात्र डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि ट्रायलमध्ये ते चालतं का हे विचारून ठेवा.

अवनी_के

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नावरून फाइल काढून बसले. फेनोबार्बची पातळी सुरू केल्यावर महिन्याभराने झाली होती, त्यानंतर नाही. ब्रोमाइडची तर एकदाही नाही. हे महत्त्वाचं आहे का खूप? आणि ट्रायलवाले ते करतील ना?

डॉ_पंजा

खूपच. फेनोबार्ब रक्तातून लवकर काढून टाकायची सवय लिव्हरला ते औषधच लावतं, त्यामुळे तोच डोस असताना काही महिन्यांनी रक्तातली पातळी खाली येते. साधारण लिटरमागे २५ ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास असावी लागते, ३५ च्या वर गेली तर लिव्हरची काळजी. ब्रोमाइडचं उलट, ते इतकं हळू शरीराबाहेर जातं की पातळी स्थिर व्हायलाच तीन महिने किंवा जास्त लागतात. आणि ते मिठाशी बांधलेलं आहे, खाण्यातलं मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे भराभर निघून जातं. खाणं किंवा ट्रीट बदलली आणि फिट वाढल्या असं होतं ते त्यामुळे.

म्हणजे डॅनी औषधाला दाद देत नाही की औषध त्याच्या रक्तात पुरेसं पोचतच नाही, हे आज सांगता येत नाही. धड चालवलेली कुठलीही ट्रायल भरतीच्या आधी या दोन पातळ्या बघेल. पण त्यांच्यासाठी थांबू नका, तुमच्या नेहमीच्या व्हेटकडून याच आठवड्यात करून घ्या. कमी निघाली तर आधी डोस सुधारायचा, ब्रोमाइड स्थिरावेपर्यंत वाट बघायची, आणि तरीही फिट चालूच राहिल्या तर मग ट्रायल. भरती बंद होईल या धास्तीने सही करू नका. आणि एमआरआयमध्ये काही सापडलं तर तो ट्रायलला चालणार नाही, हेही आईंना आणि मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवा.

चिकूचा_बाबा

+१. आमच्याकडे पण पहिल्या भेटीत तेच झालं, पातळी कमी निघाली, डोस वाढवून परत पाठवलं, काही महिन्यांनी घेतलं.

अवनी_के

उद्याच फोन करते व्हेटना. आईला प्लासिबोवालं वाचून दाखवलं, ती म्हणाली "म्हणजे दुसरी औषधं बंद नाही होणार ना, मग ठीक", तिला अडचण तेवढीच होती बहुतेक.

एक शेवटचं, ट्रायल पुढे ढकलली तरी डायरी आत्तापासून सुरू करू का? आणि त्यात काय काय लिहायचं असतं?

चिकूचा_बाबा

आजपासूनच करा, आधीच्या दोन-तीन महिन्यांची नोंद ट्रायलवाले मागतातच. तारीख, सुरू व्हायची वेळ, ताठ होण्यापासून पाय मारायचे थांबेपर्यंत किती मिनिटं, नंतर भानावर यायला किती वेळ, आणि त्या दिवशी गोळी उशिरा दिली किंवा उलटून पडली असेल तर ते. २४ तासांत दोन किंवा जास्त आल्या तर प्रत्येक वेगळी लिहा पण क्लस्टर म्हणून खूण करा. कुणी बघितलं नाही, नुसती ओली गादी आणि लाळ सापडली, तर ते वेगळ्या रकान्यात, खात्रीच्या फिटमध्ये धरू नका. फिट आलीच नाही त्या दिवशी शून्य लिहा, रिकामी जागा सोडली की नंतर कळत नाही की आली नव्हती की लिहायचं राहिलं.

व्हिडिओ जमेल तेवढे काढा, चेहरा दिसेल असे, बत्ती लावून. आणि डायरी घरातल्या एकानेच लिहा. आमच्याकडे मी आणि बायको दोघं लिहायचो, तिच्या आठवड्यात फिट जास्त आणि माझ्या आठवड्यात कमी, कारण मी झोपलेला असायचो.