शनॅन वॉट्सचं वागणं तपासणारे आपण कोण?

केतकी_सातारा
शनिवारी रात्री जाऊबाईंबरोबर नेटफ्लिक्सवर 'अमेरिकन मर्डर: द फॅमिली नेक्स्ट डोअर' हा २०२० सालचा माहितीपट पाहिला. संपल्यावर जाऊबाईंचं पहिलं वाक्य: "बाई जरा जास्तच डोक्यावर बसलेली दिसते." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कोलोरॅडोमधलं फ्रेडरिक गाव, १३ ऑगस्ट २०१८. शनॅन वॉट्स अ‍ॅरिझोनाहून कामाचा दौरा आटपून रात्री पावणेदोनच्या सुमारास घरी येते. दाराच्या कॅमेऱ्यात बॅग घेऊन आत जाताना दिसते, ती शेवटची. १५ आठवड्यांची गरोदर. नवरा ख्रिस तिचा गळा दाबतो. चार आणि तीन वर्षांच्या मुलींनाही मारतो. तो तेल कंपनीत कामाला होता. तिथल्याच एका जागेवर तिला पुरतो आणि मुलींना तेलाच्या टाक्यांत टाकतो. त्याने गुन्हा कबूल केला, नोव्हेंबर २०१८ मध्ये पाच जन्मठेपा झाल्या.

आणि आपण बोलतो कशावर? ती फेसबुकवर किती व्हिडिओ टाकायची, नवऱ्याला कशी कामं सांगायची, सासूशी का भांडली.

प्रभाकर_६१
जाऊबाईंवर इतकं रागावू नका. खुनाचं समर्थन कुणीच करत नाही. पण ते घर कसं चाललं होतं हे बघायचंच नाही का? २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेलेलं जोडपं. तरी मोठं घर, आणि सगळं छान चाललंय हे रोज जगाला दाखवणं. दिवस राहिल्याची बातमीसुद्धा नवऱ्याला कॅमेरा चालू ठेवून सांगितली! माझी ३४ वर्षं बँकेत गेली. बाहेर थाटमाट आणि आत हप्ते थकलेले, अशी माणसं काउंटरपलीकडे रोज उभी असायची. माणूस आतून पिचतो. कारण शोधणं म्हणजे दोष देणं नव्हे.

केतकी_सातारा
काका, दिवाळखोरी दोघांची होती, मग पिचला एकटा तोच का? त्या उन्हाळ्यात ती मुलींना घेऊन काही आठवडे माहेरी, नॉर्थ कॅरोलायनात होती. इकडे त्याचं कामावरच्या एका बाईशी सूत जुळलं होतं. थकलेल्या हप्त्यांचा याच्याशी संबंध लावता येत नाही.

अ‍ॅड_वृंदा
कौटुंबिक न्यायालयात वकिली करते म्हणून एक मुद्दा. कोलोरॅडोत घटस्फोटासाठी जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागत नाही, तिची संमतीही लागत नाही. संसार सावरण्यापलीकडे मोडलाय एवढं पुरतं, आणि किमान ९१ दिवस थांबायचं. मुलींच्या ताब्यावरून वाद लांबला असता, मान्य. पण दार उघडं होतं. "बिचारा अडकला होता" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

चित्रा_म
ते आईस्क्रीमचं भांडण! धाकटीला नट्सची अ‍ॅलर्जी आणि सासूच्या घरी नट्स असलेल्या आईस्क्रीमवरून वाद. लोक म्हणतात, राईचा पर्वत केला. माझ्या मुलाला शेंगदाणा चालत नाही. आपल्याकडे कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, एकादशीला खिचडीत कूट. "एक घास खाल्ला तर काय होतंय" म्हणत चुलतसासूने भरवला आणि दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. त्या दिवशी मी आरडाओरडा केला, आणि अजून घरात 'तिखट सून' म्हणूनच ओळखली जाते. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर तेही माझ्या 'स्वभावा'त मोजणार का?

निरंजन_डों
माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. अख्खा माहितीपट तिचे व्हिडिओ, तिचे मेसेज आणि पोलिसांचं चित्रीकरण जोडून केलाय. नवरा जवळ येत नाही हे तिने मैत्रिणीला खाजगीत लिहिलं, ते जगाने वाचलं. ज्या बाईला आता हो-नाही म्हणता येत नाही तिचा संसार असा उघडा मांडायचा आणि मग लोकांना म्हणायचं, तिच्याबद्दल बोलू नका?

केतकी_सातारा
निरंजन, हे मलाही टोचलं. पण ते मेसेज नसते तर उरलं काय असतं? फक्त त्याचं म्हणणं. पकडल्यावर तो आधी काय म्हणाला आठवा: शनॅननेच मुलींना मारलं, म्हणून रागाच्या भरात मी तिला मारलं. म्हणजे तिच्या वागण्यावर पहिलं बोट ठेवलं ते खुन्याने! पुढे त्यानेच तुरुंगात तपास अधिकाऱ्यांना सांगितलं की घरून निघताना मुली गाडीत जिवंत होत्या. तरी तिच्यावर चिखलफेक थांबली नाही. २०१९ मध्ये तिच्या आईवडिलांना आमचा ऑनलाइन छळ होतोय म्हणून जाहीरपणे सांगावं लागलं.

वागणंच बघायचं तर शेजाऱ्याच्या दिवाणखान्यातला प्रसंग बघा. टीव्हीवर कॅमेऱ्याचं चित्रीकरण चालू आहे, आणि बायको-मुली बेपत्ता असलेला हा माणूस डोक्यावर हात घेऊन डुलतोय, बडबडतोय, पाय ठरत नाहीत. तो बाहेर जाताच शेजारी पोलिसाला सांगतो, याचं काहीतरी बिनसलंय.

सई_वसई
बाई कशीही वागली तरी शेवटी तिचंच चुकतं. आमच्या वसईच्या श्रद्धा वालकरने नोव्हेंबर २०२० मध्ये तुळींज पोलिसांना लेखी दिलं होतं की जिवाला धोका आहे. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. आमच्या सोसायटीत चर्चा काय, तर घर सोडून गेलीच कशाला.

प्रभाकर_६१
केतकी, तुम्ही लिहिल्यावर तो शेजाऱ्याचा प्रसंग पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी माझं लक्ष त्यांच्या घराकडे, सोफ्याकडे, खर्चाकडे होतं. त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. कर्ज आणि दिखावा याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण त्यावर वेगळा धागा काढेन. तिच्या नावाखाली नको.

निरंजन_डों
माझं म्हणणं कायम. मेसेज कोर्टात दाखवा, घरोघरच्या पडद्यावर नको.