ताकदीआधी वजनाची सवय करा
१२५ सीसीच्या मोटरसायकलवरून थेट ४०० सीसीची घेतली तर तिची ताकद झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ताकद उजव्या मनगटात असते, ॲक्सिलरेटर हळू पिळला की गाडी हळूच जाते. खरी परीक्षा वजनाची. १२० किलोची गाडी कलली तर पायाने सावरता येते, १८० किलोची एका मर्यादेपलीकडे कलली की सावरत नाही, पडतेच. माझी पहिल्याच आठवड्यात पडली, तीही उभ्या उभ्या! हँडल पूर्ण वळवलेलं होतं आणि मी पुढचा ब्रेक दाबला. बस, गेली आडवी.

म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात फक्त हळू चालवा. क्लच अर्धवट सोडून ठेवायचा, वेग मागच्या ब्रेकने धरायचा, आणि यू-टर्न घेताना नजर चाकापुढे नाही, जिकडे जायचं तिकडे. हे जमलं की निम्मं काम झालं.

दुसरं, ब्रेक. मोठी गाडी ८० वर असते तेव्हा ६० वर असल्यासारखीच वाटते, इतकी ती शांत पळते. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६० चे ८० झाले की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर जवळपास पावणेदोन पट. स्पीडोमीटर बघत राहा, कानावर विसंबू नका.

सीटची उंची मात्र बूट घालून, स्वतः बसूनच तपासा.